निंपूरचा रस्ता

सतराव्या शतकात ज्याँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी सुरतेहून गोवळकोंड्याला जात असे. आपल्या प्रवासांचा वृत्तांत त्याने १६७६ मध्ये पॅरिसला छापला. त्यात सुरतेपासूनच्या मुक्कामांची यादी आहे. बारडोली, व्यारा, नवापूर, पिंपळनेर आणि त्यापुढे ‘निंपूर’. फ्रेंच कानाने ऐकलेले हे निंपूर म्हणजे मोसम नदीकाठचे आपले नामपूर. त्याच सुमारास, १६६६-६७ मध्ये, तेव्हनो हा दुसरा फ्रेंच प्रवासी याच बाजूने औरंगाबादेकडे गेला. त्याच्या यादीत ताहाराबाद आणि सटाणा ही गावे येतात.

आज नामपूर म्हटले की कांद्याचा बाजार आठवतो. हे गाव एके काळी सुरत बंदराला दख्खनशी जोडणाऱ्या हमरस्त्यावर होते, ही गोष्ट बागलाणातल्या माणसालाही सहसा ठाऊक नसते. मी आज त्या रस्त्याविषयी बोलणार आहे आणि तो रस्ता नीट पाहायचा असेल तर लागणाऱ्या वाहनाविषयीही. ते वाहन म्हणजे सायकल.

ताव्हेर्निएचा प्रवास बैलांच्या चालीने झाला. हिंदुस्थानात प्रवासाला घोड्याऐवजी बैल वापरतात, असे त्याने नोंदवले आहे. धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल असत आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला की दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे, असेही तो सांगतो. अशा चालीने जाणाऱ्याला वाटेतले प्रत्येक गाव दिसते. म्हणून तर नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाची त्याने आठवणीने नोंद केली. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात तांदळाचा वास येत नाही.

पुढे दोनशे वर्षांनी त्याच्याच देशातल्या लोकांना ही संथ चाल पुन्हा सापडली, ती सायकलवर. मध्य फ्रान्समध्ये सेंत-एत्येन नावाचे शहर आहे. कोळसा, बंदुका आणि सायकली यांसाठी ते प्रसिद्ध होते. तिथे पॉल द व्हिव्ही हा रेशमाचा व्यापारी राहत असे. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहायचा. १८८७ मध्ये त्याने सायकलला वाहिलेले मासिक काढले. शहराच्या माथ्यावर पिला डोंगराचे दाट जंगल आहे आणि त्यातून ११६१ मीटर उंचीची एक खिंड ओलांडावी लागते. त्या काळच्या एकाच गिअरच्या सायकलवर हा चढ म्हणजे छाती फोडणारे काम. व्हेलोसिओने चढाला एक आणि सपाटीला एक असे वेगवेगळे गिअर वापरून पाहिले आणि आयुष्यभर त्यांचा प्रचार केला.

शर्यतवाल्यांनी त्याची टर उडवली. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे म्हणणे, असले गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी वापरावेत! त्यांच्या शर्यतीत साखळी बदलणारे गिअर व्यावसायिक स्पर्धकांना थेट १९३७ मध्ये मिळाले. म्हणजे आज शाळकरी मुलाच्या सायकललाही दिसणारी ही सोय शर्यतीसाठी जन्मली नाही. साध्या माणसाला डोंगर चढून पलीकडचे गाव पाहता यावे म्हणून तिचा आग्रह धरला गेला. १९३० मध्ये व्हेलोसिओ ट्रामच्या धडकेने गेला. त्याच्या नावाने त्या जंगलातल्या खिंडीवर सायकलने चढण्याचा वार्षिक मेळावा १९२२ पासूनचा आहे.

पण गिअर आले म्हणून माणसे भटकायला निघत नाहीत. त्यासाठी सुटी लागते. जून १९३६ मध्ये फ्रान्समध्ये लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला, आठवड्याचे कामही चाळीस तासांवर आणले. त्या उन्हाळ्यात गिरण्या-कारखान्यांतली माणसे जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहायला गेली. कुणी सवलतीच्या रेल्वे तिकिटावर, तर कितीतरी जण सायकलवर आणि दोघांनी मिळून चालवायच्या टँडमवर. मुक्कामाला स्वस्त युवा निवास होते आणि गावागावांना जोडणारे, गर्दी नसलेले छोटे रस्ते होते. गिअर, रजा, निवारा आणि शांत रस्ता या चार गोष्टी जुळल्या, तेव्हा सायकलवरची भटकंती श्रीमंतांचा छंद न राहता सगळ्यांची झाली.

आपल्याकडे सायकल आली ती वेगळ्या भाग्याने. मुंबईच्या पारशी तरुणांनी मात्र फार मोठे स्वप्न पाहिले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये परत आले. मराठी मुलखातून निघालेले हे साहस आपल्या पाठ्यपुस्तकांच्या मुख्य प्रवाहात यायला हवे होते. तसे झाले नाही.

बाकी देशात सायकल राबली. दुधाचे कॅन, पोस्टाची पिशवी, कॅरिअरवरचे गवताचे भारे, डबलसीट शाळेला जाणारी भावंडे. तासाने भाड्याने मिळणारी सायकल हीच पुष्कळांची पहिली शाळा. स्वातंत्र्यानंतर अ‍ॅटलस, हिरो यांसारख्या कारखान्यांनी ती घरोघरी पोचवली. पण ती होती जड आणि एका गिअरची. घाट आला की उतरून ढकलायची. कामासाठी घेतलेली वस्तू सुटीत वापरायची, तर सुटी हवी ना? १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. शेतकऱ्याला आणि शेतमजुराला असा कायदा कोण देणार? मग मोटारसायकल आली आणि सायकल ‘ज्याला दुसरे परवडत नाही त्याची’ होऊन बसली. तिच्यावरून गावाबाहेर निव्वळ पाहायला जाणारा माणूस आपल्याला थोडा वेडाच वाटतो.

गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलू लागले आहे आणि त्यात नाशिकचे नाव पुढे आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर जिल्ह्यात सायकलस्वारांचे गट वाढले. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या फ्रेंच परंपरेतल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्याही आता महाराष्ट्रात नियमाने होतात. पण या उत्साहाचा भर किती तासांत किती किलोमीटर यावरच अधिक आहे. व्हेलोसिओला घड्याळाचे वावडे नव्हते, पण केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये, हे त्याने बजावून ठेवले होते.

आता नामपूरकडे परत येऊ. इथून मोसमच्या काठाने वर निघाले की ताहाराबाद येते. उत्तरेला सेलबारी आणि डोलबारीच्या रांगा. बारी म्हणजे खिंड, आणि पिंपळनेरकडून येणारा रस्ता सेलबारीतूनच उतरतो. त्या रांगेत मांगी-तुंगीचे जोडसुळके दिसतात. पुढे मुल्हेर. बागूल राजांची ही राजधानी १६३८ मध्ये मोगलांकडे गेली. तिथे उद्धव महाराजांची समाधी आहे. त्यापुढे १५६७ मीटर उंचीचा साल्हेर. १६७० च्या सुरत स्वारीहून शिवाजी महाराज याच बागलाणातून परतले आणि १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. साल्हेरपलीकडे डांगचे सागवान जंगल सुरू होते. डोंगर, जंगल, किल्ला, नदी आणि पाड्यांना जोडणारे अरुंद रस्ते, हे सगळे सायकलच्या टप्प्यात आहे. फ्रान्समधल्या पिलाच्या खिंडीपेक्षा यात काय कमी आहे?

जुलै २०२५ मध्ये साल्हेरचा समावेश मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. आनंदाचीच गोष्ट आहे. आता पाहुणे येतील. प्रश्न आहे तो ते कसे येतील याचा. रुंद रस्ता, मोठे वाहनतळ आणि पायथ्याशी हॉटेलांची रांग हा एक मार्ग झाला. त्यात पाहुणा नामपूर-ताहाराबादेत थांबणारच नाही, काच वर करून निघून जाईल. सायकलवाल्याला मात्र दर पंधरा-वीस किलोमीटरवर चहा लागतो, पाणी लागते, पंक्चर काढणारा लागतो, रात्री पिठले-भाकरी आणि अंथरूण लागते. तो थोडेच खर्च करतो, पण वाटेतल्या प्रत्येक गावात करतो. जुने तांडे असेच गावे जगवत होते.

यासाठी फार पैसा लागत नाही. मोसमकाठच्या छोट्या रस्त्यांचे डांबर शाबूत ठेवावे, कडेची झाडे रुंदीकरणात जाऊ देऊ नयेत, फाट्यांवर गावाची आणि अंतराची मराठी पाटी असावी, शाळेची एखादी खोली सुटीत मुक्कामाला उघडावी. आणि सर्वांत आधी, नामपूरच्या शाळेतल्या मुलांना त्यांच्या गुरुजींनी सायकलवर मुल्हेरपर्यंत न्यावे. बाहेरचा माणूस येऊन बागलाण पाहील तेव्हा पाहील. ज्या रस्त्याची नोंद एका परक्या व्यापाऱ्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी केली, तो त्या रस्त्यावरच्या मुलांना आपला म्हणून माहीत असला पाहिजे.