सागरतळींचें दप्तर

इतिहास म्हटला कीं डोळ्यांसमोर उभीं राहतात तीं दप्तरखान्यांतील रुमाल, ताम्रपट, शिलालेख आणि पडके बुरूज हींच साधनें. वर्धा नदीच्या कांठच्या नरखेड तालुक्यांत संत्र्यांची बाग राखणाऱ्या श्रोत्यास समुद्र म्हणजे शेंकडों मैल दूरची, क्वचित् यात्रेच्या निमित्तानें पाहिलेली वस्तु; त्या समुद्राच्या तळाशींहि इतिहासाचें एक निराळेंच दप्तर पडून आहे, असें कोणीं सांगितलें तर त्यास नवल वाटावें, हें साहजिक होय.

तथापि पाण्याचा स्वभाव त्यास ठाऊक नाहीं असें नव्हे. १९९१ सालच्या जुलै महिन्यांत वर्धेच्या पुरानें याच तालुक्यांतील मोवाड गांव उद्ध्वस्त केलें आणि दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. पाणी जें नेतें तें एकदम नेतें; परंतु जें तें गाळाखालीं पुरतें, तें बहुधा त्या एका क्षणाच्या स्थितींतच राहतें. जमिनीवरील नगर शतकानुशतकें बदलत असतें. एक पिढी दुसरीच्या भिंती पाडते, तिसरी त्याच विटा पुन्हा लावते, आणि उत्खनन करणाऱ्यास हा सर्व गुंता उकलावा लागतो. जहाजाचें तसें नाहीं. तें ज्या दिवशीं बुडालें त्या दिवसाची तारीख जणुं त्यावर घट्ट बसलेली असते. त्यांतील माल, भांडीं, शस्त्रें हीं सारीं एकाच दिवशीं एकाच ठिकाणीं होतीं, एवढी खात्री दुसरें कोणतेंहि साधन सहसा देत नाहीं.

हें दप्तर वाचावयाचें तर वाचणाऱ्यानें खालीं गेलें पाहिजे, आणि तेथेंच शतकानुशतकें अडचण होती. मोत्यांसाठीं बुडी मारणारे पाणबुडे एका श्वासांत जेवढें साधेल तेवढें साधीत. एकोणिसाव्या शतकांत तांब्याच्या शिरस्त्राणाचा जड पोशाख निघाला. वरून नळीनें हवा पुरवावी लागे आणि खालचा मनुष्य साखळीनें बांधलेल्या अस्वलासारखा चाले. शिवाय दर ३३ फुटांस एका वातावरणाइतका भार वाढतो, त्या भाराखालीं श्वासांतील नत्रवायु रक्तांत विरघळतो, आणि मनुष्य घाईनें वर आला तर तोच वायु बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडून सांधे आखडवितो, प्रसंगीं प्राणहि घेतो. किती खोलीवरून किती वेळ थांबत थांबत वर यावें, याचें कोष्टक स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केलें. तें त्यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून बसविलें होतें, ही गोष्ट पाणबुड्यांनीं विसरूं नये.

खरें स्वातंत्र्य आलें तें १९४३ सालीं. फ्रेंच नौदलांतील जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां नांवाचा यंत्रज्ञ यांनीं पाठीवरील नळकांड्यांतील दाबलेली हवा श्वासाच्या मागणीप्रमाणें आणि भोवतालच्या भाराप्रमाणें सोडणारी झडप तयार केली. तिचें मूळ मोठें मौजेचें आहे. युद्धकाळीं पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्याची जी खटपट चालली होती, तिच्यासाठीं गान्यां यांनीं ही झडप योजिली होती. ज्या साधनास आज स्कूबा म्हणतात तें यांतूनच वाढलें. पुढें १९६० सालीं तुर्कस्थानच्या किनाऱ्यावर केप गेलिडोन्या येथें जॉर्ज बास हे पुराणवस्तुशास्त्रज्ञ स्वतः पाण्यांत उतरले आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं बुडालेल्या नौकेचें उत्खनन त्यांनीं जमिनीवरच्याच शिस्तीनें, मोजमाप व नकाशा करून पार पाडलें. तोंवर पाणबुड्यानें वस्तु वर आणावी आणि विद्वानानें ती बंदरावर बसून पाहावी, असा प्रघात होता. म्हणजे अर्धी साक्ष वाटेंतच नाहींशी होई. हिंदुस्थानांत हें काम शास्त्रशुद्ध रीतीनें उभें राहिलें तें लोथलचें उत्खनन करणारे शिकारीपुर रंगनाथ राव यांच्या पुढाकारानें. गोव्यांतील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत १९८१ सालीं त्यांनीं सागरी पुराणवस्तुसंशोधनास आरंभ केला, आणि १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रांतील त्यांचें काम सर्वत्र गाजलें. द्वारकेच्या मानानें गोव्याच्या दारांतील दोन बुडालेल्या नौकांची वार्ता फारशी कोणाच्या कानीं गेली नाहीं. महाकाव्यांतील नगरीपुढें बिननांवाच्या व्यापारी गलबताची पत्रास कोण ठेवणार?

यांपैकीं पहिली नौका मुरगांव बंदराच्या परिसरांतील सुंची नांवाच्या खडकावर फुटली. येथें पाणी उथळ, अवघें तीन ते सहा मीटर. आणि हीच उथळता नौकेस भोंवली. १९९७ च्या सुमारास या संस्थेच्या पाणबुड्यांनीं येथें शोध आरंभिला. पावसाळ्यांत दर्या खवळलेला, इतर वेळींहि नद्यांच्या गाळानें पाणी गढूळ, अशा स्थितींत कामास वर्षाकांठीं थोडेच महिने मिळतात. लाकडी सांगाड्याचा शोध तेथें व्यर्थच. उबदार समुद्रांत लाकूड पोखरणारे कृमी उघडी फळी फार दिवस ठेवीत नाहींत. परंतु खडकांच्या घळींत जड वस्तु अडकून राहिल्या होत्या : लोखंडी तोफा, नांगर, हातबंदुकीची नळी, कांचेच्या बाटल्यांचे तळ, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, घडीव दगड, आणि या सर्वांत विलक्षण म्हणजे हत्तीचे सुळे व पाणघोड्याचे दांत.

पाणघोडा हिंदुस्थानांत नाहीं. तेव्हां हे दांत आफ्रिकेंतून आले, याविषयीं वाद उरत नाहीं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिक पोर्तुगीजांच्या हातीं होतें, आणि तेथील हस्तिदंतास गोव्यांत मोठें गिऱ्हाईक असे. कारण गोव्याचे कारागीर ख्रिस्ताच्या आणि संतांच्या हस्तिदंती मूर्ति कोरण्यांत नांवाजलेले होते, व त्या मूर्ति पार युरोपापर्यंत जात. हिंदुस्थानांत हत्ती असतांनाहि परक्या हस्तिदंताची आयात व्हावी, हें प्रथमदर्शनीं विचित्र भासतें. परंतु आफ्रिकेचा सुळा आकारानें मोठा असतो आणि तेथें माद्यांनाहि सुळे असतात. इकडे केवळ नरांना, आणि त्यांतहि सर्वांना नाहींत. मग व्यापाऱ्यानें कोणीकडे पाहावें, हें सांगावयास नको.

याच ठिकाणीं ब्रह्मदेशांतील मर्तबान बंदराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या रांजणांचीं खापरें सांपडलीं. लोणच्याच्या बरणीस जुन्या मराठींत मर्तबान म्हणत, त्या शब्दाचें मूळ याच बंदराच्या नांवांत आहे. स्वयंपाकघरांतील एका शब्दांत दर्यापलीकडचें बंदर दडलेलें असावें, ही भाषेची नेहमींचीच लीला होय. घडीव दगड कशासाठीं होते, याविषयीं निश्चय करणें कठीण. ते बांधकामासाठीं नेले जात असतील, किंवा नौका स्थिर राहावी म्हणून तळाशीं घालावयाचें वजन, ज्यास दर्यावर्दी लोक नीरम म्हणतात, तें काम त्यांच्याकडे असेल.

या सर्व पुराव्यावरून सतराव्या शतकाच्या आरंभीचें हें पोर्तुगीज व्यापारी जहाज असावें, असा संशोधकांनीं निष्कर्ष काढला आहे. तो काळ पोर्तुगीजांच्या दर्यावरील सत्तेच्या उतरणीचा होता. लिस्बनहून वसंतांत निघालेलीं जहाजें केपला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोव्यास लागत आणि पुढच्या हिवाळ्यांत परत फिरत. पुढें १६३६ ते १६४४ या वर्षांत डच आरमार हंगामाच्या हंगाम गोव्याच्या तोंडाशीं येऊन बसूं लागलें. इतिहासकारांनीं त्या लढायांविषयीं पुष्कळ लिहिलें आहे. त्या खटाटोपांत माल कोणता होता आणि तो कोठून कोठें जात होता, हें मात्र सुंचीच्या घळींतील दोन-चार दांत अधिक स्पष्टपणें बोलतात.

दुसरी नौका सेंट जॉर्ज नांवाच्या खडकाजवळ बुडाली. तिच्या मालांत सुळे नाहींत, तोफा नाहींत. आहेत तीं भाजल्या मातीचीं कौलें, फरशा, धुराड्याच्या विटा आणि खांबांचे नक्षीदार शिरोभाग. म्हणजे एक अख्खें घर वाटेंत बुडालें म्हणाना! कौलांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ ही अक्षरें आणि १८६५ हें साल उठविलेलें आहे. नागपूरकडे ज्यांस कवेलू म्हणतात आणि कोंकणांत मंगलोरी कौलें म्हणून जीं घरोघर दिसतात, त्यांचा आद्य कारखाना हाच. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील मिशनच्या लोकांनीं तो १८६५ सालीं मंगळुरास काढला; जॉर्ज प्लेब्स्ट नांवाच्या जर्मन गृहस्थानें तेथील नदीकांठच्या चिकणमातीवर युरोपांतील सांच्याचा प्रयोग केला आणि तो कमालीचा साधला.

येथें उतावीळ वाचकाची हटकून फसगत होते. कौलावर १८६५ लिहिलें आहे, म्हणून नौका १८६५ मध्यें बुडाली, असें म्हणून चालणार नाहीं. तें साल कारखान्याच्या स्थापनेचें. पेढीच्या पाटीवर असावें तसें तें पुढें कित्येक वर्षें कौलांवर उठविलें जात होतें. यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं नौका त्या सालापूर्वींची नव्हे. उलट बाजूनें, पहिल्या महायुद्धांत हे कारखाने इंग्रज सरकारनें मिशनच्या हातून काढून घेतले आणि १९१९ च्या सुमारास ते दुसऱ्या कंपनीकडे गेले. तेव्हां या दोन मर्यादांच्या दरम्यान कोठें तरी ती नौका मंगळुराहून उत्तरेकडे निघाली असावी. शाकारलेल्या घरांच्या जागीं कौलारू घरें, बंगले, शाळा, देवळें आणि स्टेशनें याच काळांत पश्चिम किनाऱ्यावर उभीं राहिलीं. राजेरजवाड्यांच्या इतिहासांत या घडामोडीस एक ओळहि मिळत नाहीं. परंतु पावसाळ्यांत ज्याच्या घरीं गळत नव्हतें, त्याच्या दृष्टीनें एखाद्या तहनाम्याहून ती मोठी होती.

ज्या खडकानें नौका फोडली त्यानेंच तिचे अवशेष राखले. आणि तो खडक आतां केवळ खडक नाहीं. मुरगांवसमोरच्या ग्रांद बेटाभोंवतीं आणि उत्तरेस मालवणच्या समुद्रांत प्रवाळांची वस्ती आहे. अंदमान-लक्षद्वीपांच्या मानानें ती विरळ. येथील पाणी नद्यांच्या गाळानें अंधारतें आणि प्रवाळांस तर उजेड हवा. प्रवाळ हा प्राणी खरा, परंतु त्याच्या देहांत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न करून त्यास पोसतात. पाणी फार तापलें कीं हा संसार मोडतो, शैवाल निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१० व २०१६ या वर्षीं जगभर असें मोठ्या प्रमाणावर घडलें. मालवणचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. खडकाळ प्रवाळ वर्षास कांहीं मिलीमीटर ते सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून तोफेवर अथवा कौलावर चढलेला थर हा स्वतःच एक प्रकारची मिति असतो. तो खरवडून काढणें म्हणजे कागदावरची तारीख पुसणें.

हल्लीं ग्रांद बेटापाशीं आणि मालवणला हजारों प्रवासी स्कूबाचें साधन लावून खालीं उतरतात. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापाशीं तर ‘गुलदार’ ही २०२४ मध्यें निवृत्त झालेली नौदलाची नौका पाण्याखालचें संग्रहालय म्हणून मुद्दाम बुडविण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें हातीं घेतली. कुतूहल वाढावें हें चांगलेंच. मुद्दाम बुडविलेल्या नौकेवर ते हात फिरवोत, जुनी तेवढी बिचारी बचावेल. कारण जुन्या नौकेस खरें भय वादळाचें उरलेलें नाहीं, तें आठवण म्हणून उचललेल्या एकेका वस्तूचें आहे. समुद्रांतून काढलेलें लोखंड आंतल्या क्षारामुळें हवेंत तडकून पापुद्रे सोडतें. सुळा वाळतांना चिरफळतो. गोड्या पाण्यांत महिनेच्या महिने, क्वचित् वर्षेंहि, भिजवून त्यांतील मीठ काढावें लागतें, आणि एवढी सोय कोणा हौशी प्रवाशाच्या घरीं असत नाहीं. वस्तु वर आली कीं ती मरते, आणि ती कोणत्या वस्तूच्या शेजारीं पडली होती हें ज्ञान तिच्याहि आधीं मरतें. पाणघोड्याचा दांत पेढीवर ठेवला तर केवळ दांत. चिनी खापराशेजारीं सांपडला तरच तो मोझांबिक, मर्तबान आणि गोवा यांस एका सूत्रांत ओंवतो. याचसाठीं युनेस्कोच्या २००१ सालच्या करारांत, अशा वस्तु शक्य तोंवर जागच्या जागींच राखाव्या, हें पहिलें तत्त्व म्हणून मान्य झालें. आणि इकडे १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुरावस्तु ठरते, ती पाण्यांत सांपडली म्हणून तींत फरक पडत नाहीं.

सुंचीवरील नौकेचें किंवा कौलांच्या गलबताचें नांव अद्याप उघडकीस आलेलें नाहीं. त्यांवरील खलाशी वांचले कीं बुडाले, हेंहि त्या सुळ्यांवरून आणि कौलांवरून कळत नाहीं. लिस्बनचीं व गोव्याचीं जुनीं दप्तरें आणि खडकांच्या घळी यांचा मेळ घालण्याचें काम पुढच्या संशोधकांसाठीं शिल्लक आहे, आणि त्यास दरवर्षीं पावसाळा सरल्यावर, गाळ खालीं बसून पाणी निवळेल तेवढेच महिने मिळणार आहेत.