जोतिबाचा डोंगर आणि शरदाचा उजेड

प्रत्येक प्रदेशाला आपापली भाषा असते, तसा आपापला उजेडहि असतो. परंतु भाषेचा अभिमान जितका सहज वाटतो, तितकी उजेडाची ओळख सहज होत नाहीं. कोल्हापूरच्या वायव्येस उभा असलेला जोतिबाचा डोंगर कोणीं पाहिलेला नाहीं? वाडी रत्नागिरी हें त्याचें गांवकीचें नांव. भोंवतालच्या सपाटीपासून तो सुमारें हजार फूट उंच चढलेला आहे. त्याच्या उत्तरेस वारणेचें खोरें आहे व दक्षिणेस कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमानें झालेली पंचगंगा आहे. लक्षावधि माणसें दरसाल या डोंगरावर जातात. तथापि त्यांच्यापैकीं डोंगर पाहून येणारीं किती, हा प्रश्न कोणीं विचारला, तर त्याचें उत्तर देतांना आपल्याला थोडें अडखळावें लागेल.

याचें एक कारण पंचांगांत आहे. जोतिबाची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते. उंचच उंच सासनकाठ्या नाचत असतात, 'चांगभलं'चा गजर होत असतो, आणि गुलालानें वाट, देऊळ व माणूस हीं एकाच रंगाचीं होऊन जातात. छायाचित्रकारहि त्याच दिवशीं डोंगरावर जातात. म्हणून जोतिबा म्हटला कीं वृत्तपत्रांतून व दिनदर्शिकांतून आपल्यापुढें येतो तो चैत्रांतला जोतिबा. परंतु चैत्रांत या अक्षांशावर माध्यान्हींचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. कड्याची सांवली कड्याच्याच पायाशीं पडते, धुळीनें हवा मळलेली असते, गवत वाळून गेलेलें असतें. यात्रेचें चित्र उत्तम येतें. डोंगराचें येत नाहीं.

डोंगराचे दिवस म्हणजे आश्विन-कार्तिक. चार महिन्यांच्या पावसानें हवा धुऊन निघालेली असते. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. कार्तिकाच्या मध्यावर भर दुपारींहि तो क्षितिजापासून साठ अंशांपर्यंत चढत नाहीं. सकाळ-संध्याकाळीं त्याचे किरण डोंगराच्या दक्षिण अंगाला घासून जातात, आणि मग त्या अंगावरची एकेक पायरी उठून दिसते. पायरी हा शब्द येथें अलंकारानें वापरलेला नाहीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचें पठार झालें. पुढें कठीण थर टिकले, मऊ थर झिजले, आणि डोंगरांना जिन्याचा आकार आला. या खडकाला भूगर्भशास्त्रांत 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द मूळचा स्वीडिश असून त्याचा अर्थच जिना असा आहे. चैत्रांतला उभा प्रकाश हा जिना पुसून टाकतो. शरदांतला तिरपा प्रकाश तो पुन्हा कोरून काढतो. खालीं खोऱ्यांत उंसाचीं हिरवीं शेतें असतात, नुकत्याच पेटलेल्या गुऱ्हाळांचा धूर सकाळच्या गारव्यांत जमिनीलगत थबकून राहतो, आणि त्या धुरावर डोंगर तरंगल्यासारखा दिसतो.

पाश्चात्त्य देशांत ओसाड दऱ्याखोऱ्यांचें छायाचित्रण ही एक मानाची कला होऊन बसली आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील वाळवंटी घळींचीं शरदाच्या प्रकाशांत घेतलेलीं चित्रें जगभर घरोघरीं लागलीं आहेत. परंतु ही दृष्टि तेथेंहि आपोआप आली नाहीं. तिचा आरंभ मोजणीच्या कामांतून झाला. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत तिकडील सरकारनें नवा मुलूख मोजण्यासाठीं तुकड्या पाठविल्या आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रकार दिले. टिमथी ओसलिव्हन यानें १८७३ सालीं अॅरिझोनांतील कॅन्यन द शे या घळीचें चित्र घेतलें. प्रचंड कड्याच्या पोटांत दडलेले जुन्या वस्तीचे अवशेष त्यांत इवलेसे दिसतात, आणि कड्यावरची रेघन् रेघ तिरप्या उन्हानें उजळलेली आहे. विल्यम हेन्री जॅक्सन यानें १८७१ सालीं घेतलेलीं यलोस्टोनचीं चित्रें तेथील कायदेमंडळाच्या सभासदांना दाखविण्यांत आलीं, आणि १८७२ च्या मार्चमध्यें तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. चित्रानें भूमीचें रक्षण केल्याचें हें प्रसिद्ध उदाहरण आहे.

मग आपल्याकडे काय झालें? साधनांचा उशीर झाला, असें म्हणतां येत नाहीं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या कार्यांत होते. १८५५ सालीं मुंबई सरकारनें कॅप्टन बिग्ज नांवाच्या तोफखान्यावरील अधिकाऱ्यास विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारतींचीं छायाचित्रें घेण्याच्या कामीं नेमलें. म्हणजे अमेरिकेंतील त्या मोहिमांच्या दीड तप आधीं आपल्याकडे सरकारी छायाचित्रण सुरू झालें होतें. परंतु येथें सरकारला हवा होता तो कोरलेला दगड. लेणें, घुमट, शिलालेख यांचीं चित्रें निघालीं; ज्या कड्यांत लेणें कोरलें, तो कडा चित्राच्या चौकटीबाहेर राहिला. जोतिबाच्या पायथ्याशीं पोहाळ्याचीं बौद्ध लेणीं आहेत, आणि माथ्यावर १७३० सालीं राणोजी शिंद्यांनीं नव्यानें बांधलेलें काळ्या दगडाचें देऊळ आहे. डोंगराचा दगड येथें दोनदां घडविला गेला. पण घडविण्यापूर्वींच्या दगडाकडे पाहण्याचें कारण कोणाला पडलें नाहीं.

दुसरी अडचण रसायनाची होती. त्या वेळच्या कांचेवरील लेपाला निळा प्रकाश लवकर कळे आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळें आकाश कोरें पांढरें येई, शरदांतले विरळ ढग नाहींसे होत, आणि पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी जांभ्याची माती डांबरासारखी काळी उमटे. ज्या प्रदेशाचें अर्धें सौंदर्य तांबड्या-पिवळ्या छटांत आहे, त्याच्यावर या यंत्रानें पहिलीं कित्येक दशकें अन्यायच केला.

तो अन्याय आधीं दूर झाला तो कुंचल्यानें. अबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून कोल्हापुरास परतले, आणि पुढें शाहू छत्रपतींच्या आश्रयास राहिले. मोठ्या शहरांत कीर्ति व पैसा मिळविणें त्यांना अवघड नव्हतें; परंतु ते कोटितीर्थाच्या व रंकाळ्याच्या कांठीं बसून पाणी, झाडें आणि संध्यामठाचे दगड रंगवीत राहिले. तीच जागा, पण वेळ निराळी. तीच वेळ, पण ऋतु निराळा. कोल्हापूरच्या उजेडाला स्वतःचा स्वभाव आहे आणि तो रोज नव्यानें शिकावा लागतो, हा धडा त्यांनीं पुढच्या पिढीला घालून दिला.

ती पुढची पिढी मोठी उद्योगी निघाली. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यांतले चुलतबंधु. नाटक-मंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत त्यांचा हातखंडा होता, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणूं लागले. पडद्यावर अरण्य, डोंगर, राजमार्ग सारें कांहीं असे, आणि त्यावरचा उजेडहि रंगविलेलाच असे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं निघाल्यावर या दोघांना ध्यास लागला तो चलच्चित्रें घेणारें यंत्र घरीं बनविण्याचा. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं दामल्यांच्या साह्यानें यंत्र पुरें केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. लोकमान्य टिळकांनीं त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, हें सर्वश्रुत आहे.

येथें एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. रंगविलेल्या उजेडाचा धनी आतां खऱ्या उजेडाचा चाकर झाला. सूर्य ढगांत गेला कीं काम थांबे. पावसाळ्यांत तर दिवसामागून दिवस खोळंबा होई. ज्याची भाकरी उन्हावर अवलंबून असते, त्याला ऊन कळूं लागतें. तें कोणत्या घटकेला चेहरा उजळतें, कोणत्या घटकेला भिंत सपाट करतें, हें बाबूराव, दामले आणि फत्तेलाल यांनीं पुस्तकांतून नव्हे, तर कोल्हापूरच्या आवारांत उभें राहून शिकून घेतलें. 'सिंहगड' (१९२३) या चित्रांत बाबूरावांनीं कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. 'सावकारी पाश' (१९२५) मध्यें त्यांनीं शेतकऱ्याचें दैन्य काळोख आणि उजेड यांच्या झुंजींतून दाखविलें. याच शाळेंतून बाहेर पडलेल्या मंडळींनीं १९२९ सालीं कोल्हापुरांत 'प्रभात'ची स्थापना केली आणि १९३३ सालीं ती पुण्यास नेली.

आणि या साऱ्याचें आज काय उरलें आहे? शाहू छत्रपति १९२२ सालीं निवर्तल्यावर अबालालांनीं दुःखाच्या भरांत आपलीं असंख्य चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, अशी कथा कोल्हापुरांत अजून सांगतात. बाबूरावांच्या मूकचित्रांपैकीं बहुतेक सारीं नष्ट झालीं. ज्या नायट्रेट फितीवर तीं घेतलीं होतीं, ती ठेवली तर कुजते आणि ठिणगी पडली तर बारुदासारखी पेटते. १९४८ च्या आरंभीं गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यांत आला. २००३ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या सांठ्याला आग लागून पुष्कळसा जुना ठेवा खाक झाला. 'सावकारी पाश'चें तें मूळ मूकचित्र आज आपण पाहूं शकत नाहीं. त्याची थोरवी आपण इतरांच्या वर्णनांवरून जाणतों. उजेड पकडण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांचा पकडलेला उजेड आपण सांभाळूं शकलों नाहीं, ही गोष्ट कडू असली तरी खरी आहे.

या हानीचा विचार करतांना मन साहजिकच डोंगराकडे वळतें. चित्र गेलें तरी चित्राचा विषय उरला आहे, असें समाधान मानण्याचा मोह होतो. पण तेंहि पुरतें खरें नाहीं. जॅक्सनच्या चित्रांनीं यलोस्टोन राखलें, कारण कोणीतरी तीं पाहिलीं व त्यांचा अर्थ ओळखला. आपल्या डोंगरांना असा साक्षी मिळाला नाहीं, तर रुंद होणारा रस्ता, वाढती वस्ती आणि खडीसाठीं फोडला जाणारा कडा यांचा हिशेब ठेवणार कोण? पूर्वीं येथें काय होतें, हें सांगायला माथ्यावरचें देऊळ पुरेसें नाहीं. पायऱ्यापायऱ्यांचा तो उतारहि कागदावर उमटलेला पाहिजे.

आजच्या काळीं यासाठीं कोणा सरकारी मोहिमेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कॅमेरा आतां घरोघर, किंबहुना खिशाखिशांत आहे. चैत्रांत नवस फेडायला जाणाऱ्या कुटुंबानें एकदां आश्विनांतहि डोंगर चढावा. ऊन वर येण्यापूर्वीं दक्षिणेकडच्या कांठावर उभें राहून पंचगंगेचें खोरें पाहावें, आणि संध्याकाळीं खालीं उतरून मळ्याच्या बांधावरून डोंगराकडे पाहावें. चित्र घ्यावें, त्याच्या मागें दिवस, वेळ आणि उभें राहिल्याची जागा लिहून ठेवावी, पुढच्या वर्षीं त्याच जागेवरून पुन्हा घ्यावें. अबालालांनीं रंकाळ्याच्या कांठीं याहून निराळें काय केलें? एका चित्रानें डोंगराची शोभा कळते; वर्षानुवर्षांच्या चित्रांनीं त्याचा इतिहास होतो, आणि तो लिहिण्यासाठीं लागणारा उजेड दरवर्षीं पाऊस उघडला कीं जोतिबाच्या कड्यांवर फुकट येऊन पडत असतो.