मेनांद्रोस, मिलिंद आणि मिलिंद्या

माझे नाव मिलिंद. माझ्या आजोबांचे धोंडी. या दोन नावांच्या मधे १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे धर्मांतर आहे.

माझा जन्म १९६१ चा, मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. आमच्या वस्तीतला एक मुलगा तिथे शिकत होता. सुट्टीत घरी येताना त्याने हे नाव आणले आणि वडिलांनी ते मला ठेवले. तोपर्यंत आमच्या गावात हे नाव कोणाचेच नव्हते. आजीच्या तोंडी ते शेवटपर्यंत बसले नाही. ती मला 'मिलिन' म्हणे.

नावाचे मूळ दूरचे आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात साकल येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट परिसरात, मेनांद्रोस या ग्रीक राजाची राजधानी होती. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लेख असे. दुसऱ्या बाजूस खरोष्टी लिपीत, प्राकृत भाषेत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. पाली 'मिलिंदपञ्हा'त त्याचाच मिलिंद झाला. 'मे'चा 'मि' झाला, 'न'च्या जागी 'ल' आला, शेवटचा 'र' गळाला. पालीत अखेरचा 'अ' उच्चारला जातो. मराठीने तोही सोडला. परक्या राजाचे नाव भिक्षूंनी आपल्या जिभेला सोसेल असे वळवले, पण त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. त्याचे प्रश्न त्यांनी आदराने जपून ठेवले. आजीच्या 'मिलिन'ची जात हीच होती.

संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. हे नाव सवर्णांच्या घरांतही आढळते, त्याला हा अर्थ पुरेसा आहे. आमच्या वस्तीत मात्र ते भुंग्यावरून आले नाही. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव म्हणून ते आले.

नावाचे इतके महत्त्व कशाला, असे विचारणारे भेटतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाला ते पुरेपूर ठाऊक होते. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंद्य असावे, असे तिथे सांगितले आहे. तरी सगळा दोष नावावर टाकता येत नाही. मूल जगावे म्हणून दगडधोंड्याचे नाव ठेवण्याची रीत वरच्या जातींतही होती. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पण त्यांच्यातला धोंडो वयाने वाढला की धोंडोपंत होई. माझे आजोबा साठी उलटल्यावरही पाटलाच्या पोराला 'धोंड्या'च होते. नाव तेच, उच्चार दोन. जात त्या उच्चारात होती.

म्हणूनच नवे नाव ठेवून लढा संपला नाही. शाळेत हजेरीच्या पटावर 'मिलिंद' लिहिलेले असे आणि गुरुजी 'मिलिंद्या' म्हणून हाक मारत. पटावरचे नाव त्यांना खोडता येत नव्हते, म्हणून त्यांनी त्याला शेपूट जोडले. ग्रीकाचे पाली होताना जे झाले तो भाषेचा व्यवहार. मिलिंदचे मिलिंद्या होताना जे झाले तो सत्तेचा. व्याकरणाच्या पुस्तकात दोन्ही बदल शेजारी बसतील, आपण त्यांची गल्लत करता कामा नये.

'मिलिंदपञ्हा'तला पहिला संवाद नावावरूनच सुरू होतो. राजा नाव विचारतो. नागसेन सांगतो की, मला नागसेन म्हणतात, पण ती केवळ ओळखण्याची खूण आहे. तिच्याआड कायमचा कोणी 'मी' नाही. रथाची चाके, आस, जू वेगळी केली तर रथ कुठे राहतो, हा त्याचा दाखला. हे मी प्रौढपणी वाचले तेव्हा गुरुजींची हाक आठवली. नाव ही नुसती खूण आहे हे आम्हाला मान्य आहे. ज्यांनी त्या खुणेत जन्माची पायरी कोरली, त्यांना ते मान्य नव्हते.

पुढे मीही शिक्षक झालो. दर जूनमध्ये नवा पट हाती आला की पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला विचारी, "तुझे नाव घरी कसे म्हणतात?" मग त्याने सांगितले तसे, पूर्ण उच्चारी. त्यात एक तास जाई. तो तास वाया गेला असे मला निवृत्त होईपर्यंत कधी वाटले नाही.