पानशेतला जिओकॅशिंग करायचंय? मग हातातला जीपीएस घरीच नीट सेट करा

पानशेत धरणाच्या जवळचा एक बिंदू घेऊ. मोबाईलच्या नकाशात तो १८.३८७५, ७३.६१२५ असा दिसतो. शाळेच्या भूगोलात शिकलो त्या पद्धतीने तोच बिंदू १८ अंश २३ मिनिटं १५ सेकंद उत्तर, ७३ अंश ३६ मिनिटं ४५ सेकंद पूर्व असा होतो. आणि जिओकॅशिंग करणारे तो १८° २३.२५०', ७३° ३६.७५०' असा लिहितात.

जागा एकच, लिहायच्या पद्धती तीन. आता समजा '२३ मिनिटं १५ सेकंद' तुम्ही घाईत '२३.१५०' असे भरले आणि '३६ मिनिटं ४५ सेकंद'चे '३६.४५०' केले. जीपीएस कुठलीही तक्रार करणार नाही. तो तुम्हाला मूळ जागेपासून साधारण साडेपाचशे मीटर लांब नेईल. तेही पश्चिमेला, म्हणजे जलाशयाच्या बाजूला.

हातात धरायचा जीपीएस पहिल्यांदा वापरणाऱ्यांच्या बहुतेक चुका अशाच असतात. यंत्र बिघडलेलं नसतं, सेटिंग चुकलेलं असतं. म्हणून आधी सेटिंग समजून घेऊ.

हा खेळ नेमका काय आहे?

पूर्वी अमेरिका नागरी वापराच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. २ मे २००० रोजी ती पद्धत बंद झाली आणि सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र एकदम कितीतरी अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बघू, कोणाला सापडते का! ती सापडली आणि जिओकॅशिंग सुरू झालं.

खेळ आजही तोच आहे. कोणीतरी डबा लपवतं आणि त्याचे आकडे वेबसाइटवर देतं. तुम्ही शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच ठेवायचा. या डब्याला 'कॅश' म्हणतात. त्यात पैसे नसतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मोबाईलवर हे जमत नाही का? जमतं. पण पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातल्या दऱ्यांमध्ये रेंज जाते-येते, पावसात टचस्क्रीन वेड्यासारखा वागतो आणि बॅटरी दुपारपर्यंत संपते. दोन पेन्सिल सेलवर चालणारा आणि पाऊस सोसणारा जीपीएस इथे कामाला येतो. गार्मिनचे ईट्रेक्स यंत्र सगळ्यांत ओळखीचे, म्हणून खालची मेन्यूची नावं त्याचीच आहेत. इतर कंपन्यांच्या यंत्रांतही हेच पर्याय थोड्या वेगळ्या नावाने मिळतात.

पहिली दोन सेटिंग: फॉरमॅट आणि डेटम

'सेटअप'मध्ये 'पोझिशन फॉरमॅट' नावाचा पर्याय असतो. तिथे अंश आणि दशांश मिनिटं हा फॉरमॅट निवडा. स्क्रीनवर मिनिटांनंतर टिंब आणि तीन आकडे दिसले पाहिजेत. यातल्या शेवटच्या आकड्याची किंमत जमिनीवर दोन मीटरपेक्षाही कमी आहे. त्याच्या आधीचा आकडा चुकला, तर एका अंकामागे साधारण अठरा मीटरचा फरक पडतो.

मोबाईलवरचा आकडा बदलून घ्यायचा असेल तर टिंबानंतरचा भाग ६० ने गुणा. ०.३८७५ गुणिले ६० म्हणजे २३.२५०. एवढंच गणित आहे. ते न करता कोणी १८.३८७५ चे सरळ १८° ३८.७५०' केले, तर बिंदू साधारण साडेअठ्ठावीस किलोमीटर उत्तरेला, मावळाच्या बाजूला जातो. रेखांशात हीच चूक केली तर मिनिटांच्या जागी ६१ येतात आणि तेवढी मिनिटं नसतातच. म्हणजे तिथे चूक पकडली जाते, अक्षांशात मात्र ती गुपचूप खपून जाते.

दुसरं सेटिंग 'मॅप डेटम'. पृथ्वीचा आकार कोणता मानून हे आकडे काढले, ते डेटम सांगतो. जिओकॅशिंगसाठी डब्ल्यूजीएस ८४ हाच डेटम ठेवायचा. नव्या यंत्रात तो आधीपासून असतो, पण यंत्र जुनं विकत घेतलं असेल किंवा ट्रेकर मित्राकडून आणलं असेल तर नक्की तपासा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट या वेगळ्या गोलाभावर बेतलेले आहेत आणि त्यांच्याशी जुळवण्यासाठी काही ट्रेकर डेटम बदलून ठेवतात. आपल्या भागात या फरकाने शंभर मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त घोळ होतो. नाल्याच्या अलीकडचा डबा तुम्ही पलीकडे शोधत बसता.

बाकीची सेटिंग

वेळ भारतीय करा आणि अंतर मीटर-किलोमीटरमध्ये ठेवा. 'बॅटरी टाइप'मध्ये तुम्ही घातलेल्या सेलचा प्रकार निवडा, साधे अल्कलाइन की चार्ज होणारे. तो चुकला तरी यंत्र चालतं, पण बॅटरी किती उरली ते खोटं दाखवतं. डोंगरात हे महागात पडू शकतं.

'सॅटेलाइट सिस्टीम'मध्ये जीपीएससोबत ग्लोनास हा रशियन पर्याय असेल तर तोही चालू करा. बॅटरी थोडी जास्त जाते, पण दरीत आकाशाचा तुकडाच दिसत असताना जास्त उपग्रह कामी येतात. 'वास/एग्नॉस' अशी अमेरिकी-युरोपी नावं असलेला पर्यायही चालू ठेवा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची 'गगन' प्रणाली त्याच प्रकारचा दुरुस्तीचा सिग्नल देते. हा सिग्नल विषुववृत्तावरच्या उपग्रहांकडून येतो, त्यामुळे दक्षिणेला उंच कडा असेल तर तो मिळेलच असं नाही.

यंत्र परदेशातून आणलेलं असेल किंवा बरेच महिने बंद असेल, तर पहिल्यांदा चालू केल्यावर गच्चीवर उघड्या आकाशाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्या. उपग्रहांची नवी यादी उतरवून घ्यायलाच त्याला साडेबारा मिनिटं लागतात. गाडीतून उतरल्या उतरल्या 'सिग्नलच नाही' म्हणून वैतागण्यात अर्थ नाही.

कॅश आणि नकाशा यंत्रात कसा भरायचा?

आकडे हाताने भरता येतात, पण शक्यतो भरू नका. कॅशची जीपीएक्स फाइल उतरवा, यंत्र केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि 'गार्मिन' फोल्डरमधल्या 'जीपीएक्स' फोल्डरमध्ये ती ठेवा. टंकलेखनाच्या सगळ्या चुका इथेच टळतात.

यंत्रासोबत येणारा भारताचा नकाशा फारच ढोबळ असतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले मोफत नकाशे मिळतात, त्यांत पायवाटा आणि जलाशयाचा काठ बराच बरा दिसतो. ईट्रेक्स १० सारख्या स्वस्त मॉडेलमध्ये मात्र बाहेरचा नकाशा भरता येत नाही, विकत घेताना हे बघा.

निघण्याआधी एक चाचणी करा. सोसायटीच्या गेटवर उभं राहून ती जागा 'मार्क' करा, दोन-तीनशे मीटर लांब जा आणि यंत्राच्या बाणावर परत या. तो गेटपाशीच थांबतो का, ते दिसेल.

पानशेतमध्ये बाण कुठे फसवतो?

जीपीएस अंतर सांगतो ते सरळ रेषेतलं. पानशेतचा जलाशय आणि शेजारचा वरसगावचा जलाशय डोंगरांमध्ये लांबवर आत शिरलेले आहेत. स्क्रीनवर '८०० मीटर' दिसतात आणि मध्ये पाणी असतं. तिथे गाडीने जायला मोठा वळसा पडतो. म्हणून रस्त्याने जाताना नकाशा पाहा आणि बाण शेवटच्या टप्प्यातच वापरा.

कंपास नसलेल्या मॉडेलचा बाण तुम्ही चालत असतानाच खरा असतो. उभं राहिलात की तो कुठेही वळतो. कंपास असलेल्या यंत्रात सेल बदलल्यावर तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो.

डब्यापासून दहा मीटरवर आलात की यंत्राकडे बघणं सोडा. मोकळ्या आकाशाखालीही चार-पाच मीटरची चूक धरावी लागते आणि झाडीत किंवा कड्याखाली ती वाढते. शिवाय लपवणाऱ्याच्या यंत्राचीही तेवढीच चूक असते. आता डोळे वापरायचे. पावसाळ्यात नदीपात्रात मात्र उतरू नका. वरून विसर्ग वाढला तर त्याची सूचना जीपीएस देत नाही.

डबा लपवायचा असेल तर

धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे या परिसरात डबा ठेवायचा विचारही नको. १२ जुलै १९६१ ला याच धरणाच्या फुटीनंतर पुण्यात काय झालं, ते अजून घराघरात सांगितलं जातं. अशा जागी बेवारस डबा दिसला तर पोलीस येणारच. इंग्लंडच्या वेदरबी गावात जुलै २०११ मध्ये जिओकॅशिंगचाच डबा बॉम्बनाशक पथकाने स्फोट करून उडवला होता. राजगड-तोरण्यासारख्या किल्ल्यांच्या तटबंदीत दगड सरकवून डबा कोंबणंही तितकंच चूक. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, डबा पुरू नका, वर 'जिओकॅश' असं मराठीत ठळक लिहा आणि आत खाऊ ठेवू नका, माकडं तुमच्याआधी शोधतात. आकडे घेताना यंत्रातलं 'वेपॉइंट ॲव्हरेजिंग' वापरा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

कायद्याचं काय?

साधा जीपीएस फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं मात्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका धावपटूला गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर गार्मिनच्या 'इनरीच' यंत्रामुळे ताब्यात घेतलं होतं. दिसायला ही यंत्रं जीपीएससारखीच असतात, आणि काही जीपीएसमध्ये ही सोय आतच बसवलेली असते. उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६६आय आणि ६७आय. अमेरिकेतल्या भावाला किंवा मावशीला यंत्र आणायला सांगणार असाल, तर मॉडेलच्या शेवटी 'आय' अक्षर नाही ना, ते पाहायला आधी सांगा.