निरोप न ऐकणारे उंदीर

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांच्या सूचिपत्रात एक इवलीशी कुपी असते. आत जेमतेम काही मायक्रोग्रॅम पूड आणि वर नाव : पुनःसंयोजित लेप्टिन ग्राही, उंदीर. म्हणजे उंदराचेच प्रथिन, पण उंदरातून न काढलेले. त्याचे जनुक प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींत घालून त्यांच्याकडून करवून घेतलेले. हे प्रथिन हाती येण्याच्या बावीस वर्षे आधी त्याच्या बिघाडाची चाहूल एका शास्त्रज्ञाला लागली होती, तीही केवळ प्रयोग आणि तर्क यांच्या बळावर. ती हकिकत आपण पाहू.

अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर हे गाव आहे. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत शुद्ध वाणाचे उंदीर वाढवले जातात. १९४९ साली त्यांत काही विलक्षण लठ्ठ पिल्ले आढळली. त्यांचे वजन वाढत वाढत साध्या उंदराच्या तिप्पट होई. या उत्परिवर्तनाला 'ओबी' नाव मिळाले. १९६५ साली तिथेच दुसरे उत्परिवर्तन सापडले. हे उंदीर लठ्ठ तर होतेच, शिवाय त्यांना तीव्र मधुमेह होता. त्याला 'डीबी' म्हटले गेले. दोन्ही दोष अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच दिसणारे. पण जनुके दोन वेगळ्या गुणसूत्रांवर होती.

डग्लस कोलमन या जन्माने कॅनेडियन असलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञाने एक प्रश्न विचारला : या उंदरांच्या रक्तात काही कमी-जास्त आहे का? त्याने शस्त्रक्रिया करून दोन उंदीर कुशीला कूस लावून जोडले. काही दिवसांत त्यांच्या केशवाहिन्या जुळतात आणि एकाचे थोडे रक्त दुसऱ्यात जात राहते. प्रयोग क्रूर वाटतो, आणि उंदरांना तो जिवावर बेतणारा होताच. निष्कर्ष असे निघाले :

डीबी आणि साधा उंदीर : साध्याने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी लठ्ठच राहिला.

ओबी आणि साधा उंदीर : ओबीचे खाणे कमी झाले, वजनवाढ मंदावली.

ओबी आणि डीबी : ओबीने अन्न सोडले आणि मेला. डीबीवर काहीच परिणाम नाही.

पुढे वाचण्यापूर्वी येथे थोडे थांबू. वर्गात हे तीन निष्कर्ष फळ्यावर लिहून मुलांनाच विचारता येईल, की यावरून काय कळते?

कोलमनने १९७३ साली मांडलेले उत्तर असे. 'पोट भरले' हा निरोप रक्तातून मेंदूकडे जातो. ओबी उंदराला तो निरोप तयार करता येत नाही, पण बाहेरून आला तर कळतो. डीबी उंदीर निरोप भरपूर तयार करतो, पण त्याच्या स्वतःच्या मेंदूला तो पोहोचत नाही. लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा, निग्रहाचा अभाव, अशी समजूत तेव्हा शास्त्रज्ञांतही दृढ होती. त्यामुळे हे म्हणणे सहजी पटले नाही. शिवाय निरोप्या कोण, हे कोलमनला सापडले नाही. १९९१ साली तो निवृत्त झाला.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी ओबी जनुक शोधले. त्यापासून चरबीच्या पेशी जे संप्रेरक बनवतात त्याला 'लेप्टिन' नाव दिले गेले. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ. आता ते ऐकणारा कान शोधायचा होता. १९९५ साली लुई टार्टाग्लिया व सहकाऱ्यांनी लेप्टिनला रंग देणारे एक विकर जोडले आणि ते कुठे चिकटते ते पाहिले. उंदराच्या मेंदूतील एका जालकावर ते चिकटले. त्या ऊतीतील जनुकांच्या प्रती त्यांनी दुसऱ्या पेशींत घातल्या आणि ज्या पेशी लेप्टिन धरून ठेवू लागल्या त्यांतून ग्राहीचे जनुक मिळवले. ते गुणसूत्रावर डीबीच्याच जागी होते!

१९९६ साली दोषही उमगला. डीबी जनुकात एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे ग्राहीचा पेशीबाहेरचा भाग शाबूत राहतो, पण आत निरोप पोहोचवणारी लांब शेपटी तुटकी निघते. दारावरची घंटा दाबली जाते, पण तार तुटलेली असते.

कुपीतल्या प्रथिनात सहसा हा बाहेरचा भागच असतो. पेशीपटलात न रुतता तो द्रावात मोकळा राहतो आणि लेप्टिनला पकडतो. लेप्टिन अडवले तर पेशीत काय बदलते, हे त्यामुळे तपासता येते.

माणसांतही असे दोष आढळले. १९९७ साली ब्रिटनमधील दोन चुलत भावंडांत लेप्टिनच बनत नसल्याचे दिसले, तर १९९८ साली एका कुटुंबातील बहिणींत ग्राहीचा दोष सापडला. लेप्टिनची इंजेक्शने मिळाल्यावर पहिल्या प्रकारच्या मुलांची अनावर भूक ओसरली. दुसऱ्या प्रकारात मात्र ती निरुपयोगी, आणि का, हे डीबी उंदरांनी आधीच सांगितले होते. असे रुग्ण अगदी विरळा. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असते, म्हणून हे सर्वांवरचे औषध ठरले नाही.

तरीही वर्गातल्या लठ्ठ मुलाला कुणी 'खादाड' म्हणून चिडवले, तर आपण शिक्षकांनी ही गोष्ट जरूर सांगावी. त्याची भूक किती त्याच्या हातात आहे, हे त्याच्याकडे नुसते पाहून आपल्याला कळत नाही.