बीटा गुणोत्तर, आयनद्रायूचे

आयनद्रायूचा (प्लाझ्माचा, मुक्त इलेक्ट्रॉन व आयन यांच्या अतितप्त मिश्रणाचा) दाब आणि त्यास कोंडून धरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा दाब यांच्या गुणोत्तरास ‘बीटा’ म्हणतात. चुंबकीय दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ टेस्ला क्षेत्राचा दाब सु. १०० वातावरणांइतका भरतो. ठराविक क्षेत्रात अणुकेंद्रीय संघटनापासून (हलक्या अणुकेंद्रांच्या संयोगापासून) मिळणारी शक्ती बीटाच्या वर्गानुसार वाढते. प्रबळ चुंबके फार खर्चिक असल्याने संघटन अणुभट्टीची व्यवहार्यता बऱ्याच अंशी बीटावर अवलंबून असते.

जिनीव्हा येथील १९५५ च्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी नियंत्रित संघटन दोन दशकांत साध्य होईल, असे भाकीत केले होते. तथापि आयनद्रायूचा दाब टिकविणे तर दूरच, तो विश्वसनीय रीतीने मोजणेही प्रारंभी दुष्कर ठरले.

क्षेत्ररेषांभोवती फिरणारे विद्युत् भारित कण आतील क्षेत्र किंचित क्षीण करतात. पात्राभोवतीच्या वेटोळ्याने चुंबकीय स्रोतातील हा बदल मोजून दाब काढतात. मॉस्को येथील टी-३ या टोकामॅकमधील (कंकणाकार पात्राच्या यंत्रातील) उच्च तापमानाचा निष्कर्ष अशाच मापनावर आधारलेला होता. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे आर्ट्सिमोव्हिच यांनी तो मांडला, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी शंका घेतली. वेटोळे केवळ एकूण ऊर्जा दर्शविते. ती मोजक्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांची असू शकेल, असा त्यांचा आक्षेप होता. १९६९ मध्ये कलॅम येथील ब्रिटिश पथकाने मॉस्कोत जाऊन लेसर प्रकाशाच्या प्रकीर्णनाने इलेक्ट्रॉनांचे तापमान मोजले. ते सु. १ कोटी अंश के. भरल्याने शंका फिटली आणि अनेक देश टोकामॅककडे वळले.

बीटा हवा तेवढा वाढविता येत नाही. मर्यादेपलीकडे आयनद्रायू अस्थिर होतो. ही मर्यादा आयनद्रायूतील प्रवाहाच्या सम प्रमाणात आणि क्षेत्र व त्रिज्या यांच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्र्वायाँ यांनी १९८४ च्या सुमारास दाखविले. कलॅमच्या ‘स्टार्ट’ या जवळजवळ गोलाकार यंत्रात १९९० नंतरच्या दशकात सु. ४० टक्के बीटा मिळाला. नेहमीच्या टोकामॅकमध्ये तो काही टक्केच असतो.

भारतात गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामॅक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. २००५ मध्ये भारत फ्रान्समधील ‘ईटर’ प्रकल्पात सहभागी झाला. सु. २.५ टक्के बीटा राखून ५०० मेगॅवॉट संघटनशक्ती मिळविणे हे त्याचे उद्दिष्ट आहे; मात्र ही शक्ती उष्णतारूप असून तीपासून वीज निर्माण करण्याची योजना नाही. तुलनेसाठी, गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्राच्या एकाच संचाची विद्युत् क्षमता ६६० मेगॅवॉट आहे.