हरिश्चंद्राच्या चोवीस फ्रेम्स

नव्या टीव्हीवर जुना पिक्चर सिरियलसारखा का दिसतो? उत्तर टीव्हीच्या मेन्यूत आहे. पण ते नीट समजून घ्यायचं तर थेट राजा हरिश्चंद्रापर्यंत मागे जावं लागतं!

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा. सेकंदाला 16 चित्रं की 20, हे मनगटावर अवलंबून. मूकपटच तो, वेग थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाला कळतंय?

मग बोलपट आले आणि पंचाईत झाली. चित्राचा वेग जरा हलला तर डोळे सांभाळून घेतात, पण कान नाही; गाणं लगेच बेसूर होतं. वेग कमी ठेवला तर आवाज खराब, वाढवला तर फिल्मचा खर्च. म्हणून 1920 च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवुडमध्ये 24 वर तडजोड झाली आणि तीच जगभर रुळली. 1932 साली 'प्रभात'ने कोल्हापुरात हरिश्चंद्राचीच गोष्ट 'अयोध्येचा राजा' म्हणून काढली, तोवर मनगटाचं राज्य संपलं होतं.

म्हणजे 24 हा आकडा ठरला कानांसाठी, पण सवय लागली डोळ्यांना. हलत्या हाताचा तो किंचित पुसटपणा म्हणजेच आपल्या लेखी 'सिनेमा'.

टीव्हीचा हिशोब वेगळा. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. स्टुडिओतला व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला 50 अर्धी चित्रं टिपायचा. आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. त्यामुळे हालचाल एकदम गुळगुळीत. सिरियलचा 'लुक' तो हाच.

अक्कलकोटला आमच्या आत्याकडे नव्या टीव्हीवर शांतारामबापूंचा 'पिंजरा' (1972) लागला होता. आत्या म्हणाली, "हे शूटिंग बघायला गेल्यागत दिसतंय की रे!" अगदी अचूक निदान!

हा प्रताप 'मोशन स्मूदिंग'चा. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीला खरी मिळतात 24. मग तो दोन चित्रांमधली हालचाल मोजतो आणि मधली चित्रं अंदाजाने स्वतःच बनवतो. म्हणजे सेकंदाला निदान 36 चित्रं अशी, जी कुठल्याही कॅमेऱ्याने कधी टिपलीच नाहीत. अंदाज चुकला की हाताच्या कडेला हवा थरथरल्यासारखी दिसते.

2018 मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून हे बंद करा म्हणून सांगितलं. 2019 मध्ये 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. त्यात हे सगळं बंद असतं. तुमच्या टीव्हीत तो नसेल, तर मेन्यूत 'मोशन' नावाचं काहीतरी शोधा. सोनीवर 'मोशनफ्लो', एलजीवर 'ट्रूमोशन'. क्रिकेटला हवं तर खुशाल चालू ठेवा.

सिनेमाला मात्र नको. सत्यवादी हरिश्चंद्राच्या गोष्टीत निम्म्याहून जास्त चित्रं बनावट, हे काही बरं नाही!